मुलाणकीचे कागद

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. आमचे आडनाव मुलाणी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावची मुलाणकी पिढ्यानपिढ्या आमच्या घरात. त्यामुळे इतर मागासवर्गाचा दाखला मिळायला अडचण येईल, असे घरात कुणालाच वाटले नव्हते. कार्यालयातल्या कारकुनाने कागद चाळले आणि विचारले, "१३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा कुठाय?" आम्ही माझ्या वडिलांच्या शाळेचा उतारा पुढे केला. त्यात जातीच्या रकान्यात गुरुजींनी एकच शब्द लिहिला होता : मुसलमान. कारकून म्हणाला, "हा धर्म झाला. जात कुठाय?"

ज्या गावात माझ्या आजोबांना नावाने कमी आणि 'मुलाणी' म्हणून जास्त ओळखत, त्या गावच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचा मुलगा नुसता मुसलमान होता. कारकुनावर रागावण्यात अर्थ नव्हता. तो नियमाने बोलत होता. राग आला तो स्वतःचा. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. तीस वर्षे मुलांना शिवकाळ शिकवला, पेशवाई शिकवली. पण माझ्या पणजोबांचे नाव मला सांगता येत नव्हते.

त्या दिवसापासून जो शोध सुरू झाला, तो दाखल्यापुरता राहिला नाही. त्या शोधाची हकीकत आणि त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून.

घरातले दप्तर

वंशाचा शोध सरकारी कचेरीत सुरू होत नाही, घरात सुरू होतो. आमच्या घरात सगळ्यांत वयस्क माझी फूफी. ऐंशी उलटलेली. तिला विचारले, तर ती हसली. "कागदां का क्या करता रे बेटा? तेरे दादा गए, उनकी पेटी बी गई." पेटी कुठे गेली? तर पेटीत काही जुने कागद होते, त्यांवर उर्दूसारखी अक्षरे होती. "कुरान शरीफ के हरफ होंगे बोलको बावडी में ठंडे कर दिए."

मी कपाळावर हात मारला. अशा किती पेट्या आपण विहिरीत नि नदीत सोडल्या असतील! अरबी वळणाचे अक्षर दिसले की तो कागद पवित्र, तो पायाखाली येऊ नये, म्हणून तो ठंडा करायचा. भावना चांगली, पण दक्षिणेत कित्येक शतके सनदा, जमिनीचे हुकूम, काजीचे निवाडे फारसीत लिहिले गेले आणि निजामाच्या राज्यात पुढे कारभारच उर्दूत चालला. त्या अक्षरांत आयत असेल तशी शेताची चतुःसीमाही असू शकते. वाचून घेतल्याशिवाय कागद ठंडा करू नये, एवढी एक गोष्ट जरी या लेखातून घरोघर पोचली तरी पुष्कळ झाले.

कागद गेले, पण फूफीकडे दुसरे दप्तर होते. शबेबरातला आमच्या घरी हलवा-रोटी होते आणि गेलेल्या माणसांच्या नावे फातेहा दिली जाते. एकेकाचे नाव घ्यायचे असते, म्हणून बायकांना नावे पाठ असतात. फूफीने डोळे मिटले आणि आपल्या सासरची नव्हे, माहेरची नावे म्हणायला सुरुवात केली. पाच पिढ्या. त्यात पुरुष होते तशा बायकाही होत्या; मूल न होता गेलेल्या होत्या, लहानपणी गेलेली मुले होती. कुठल्याही शजऱ्यात ही माणसे सापडत नाहीत. शजरा बापाकडून मुलाकडे जातो. फातेहा सगळ्यांना सामावून घेते. ती नावे मी त्याच दिवशी वहीत उतरवली. पुढच्या साऱ्या शोधाचा पाया ती वही होती.

नावांबरोबर तारखाही अशाच मिळतात. जुन्या माणसांना इसवी सन सांगता येत नाही, पण महिना सांगता येतो. कुणी तेरातेजीत जन्मलेला, कुणी बारावफातला गेलेला, कुणाचा निकाह खालीच्या चांदात नको म्हणून पुढे ढकललेला. त्याला प्लेगची साथ, बहात्तरचा दुष्काळ, गावातल्या मोठ्या पुराची आठवण अशा खुणा जोडल्या की वर्ष जवळपास हाती लागते. उलट शाळेतल्या जन्मतारखेवर फार विसंबू नये. आपल्या पिढ्यांतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून आहे, तो काही आईने सांगितलेला नाही, गुरुजींनी दिलेला आहे.

गावातले दप्तर

घरानंतर गाव. शाळेचे जनरल रजिस्टर हा पहिला टप्पा. एका भावाचा उतारा मिळाला म्हणून थांबू नये. सगळे चुलते, चुलत चुलते, आत्या यांचे उतारे काढावेत. कारण लिहिणारे गुरुजी बदलत आणि त्यांच्याबरोबर आपली जातही बदले. आमच्याच घरात एका चुलत्याच्या नावापुढे 'मुसलमान', दुसऱ्याच्या पुढे 'मुस्लिम शेख', तिसऱ्याच्या पुढे रकाना कोरा. आडनावांचे तसेच. एकाच आजोबांचे नातू मुलाणी, शेख आणि इनामदार या तीन आडनावांनी वावरत आहेत. नावांची तर वेगळीच तऱ्हा. इब्राहिमचा इभ्राम, हुसेनचा हुशेन, मुहम्मदचा महमद किंवा नुसता ममू. शोधणाऱ्याने शुद्ध अरबी नाव मनात धरले, तर समोर असलेला आजोबा त्याला दिसणार नाही. गावाने ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने त्याला शोधावे लागते.

दुसरा टप्पा म्हणजे गाव नमुना १४. जन्ममृत्यूची ही नोंदवही कोतवालाकडे असे, म्हणून तिला कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव ही वही भरली जात होती आणि तीत जातीचा रकाना होता. शाळेत न गेलेली माणसेही या वहीत असतात. आपल्याकडे शाळेत न गेलेल्यांची संख्या मोठी, विशेषतः बायकांची. म्हणून आपल्यासाठी ही वही शाळेच्या पुस्तकापेक्षा मोलाची. तिची अवस्था मात्र वाईट. काही वर्षांची पाने वाळवीने खाल्लेली, काही वर्षांची वहीच नाही. पुष्कळ ठिकाणी लेखन मोडीत. ज्यांना मोडी येत नाही ते 'नोंद आढळून येत नाही' असे लिहून देतात. नोंद असते, पण वाचणारा नसतो.

तिसरा टप्पा जमिनीचा. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. पण वंशाच्या दृष्टीने खरा कागद म्हणजे फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि माणूस मेला की त्याच्या वारसांची नावे फेरफारात चढू लागली. इथे एक गोष्ट लक्षात येते. बापाच्या मागे मुलींची नावे किती ठिकाणी लागली आहेत? शरियतप्रमाणे मुलीला हिस्सा आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९३७च्या शरियत कायद्यात शेतजमीन मुळातच वगळलेली होती आणि प्रत्यक्षात गावाच्या रिवाजाने जमीन मुलांकडेच राहिली. आमच्या फेरफारात माझ्या आजोबांच्या दोन बहिणींची नावे आहेत आणि पुढच्याच ओळीत त्यांनी हक्क सोडल्याची नोंद आहे. अंगठे उठलेले आहेत. त्या दोघींना काय सांगून ते घेतले गेले, हे विचारायला आज कुणी नाही. वंशावळ शोधताना असे अंगठेही भेटतात. ते झाकू नयेत.

रुमालातले दप्तर

गावात सापडले ते १९०० सालापर्यंत. त्याच्या मागे जायचे तर मोडी शिकणे भाग होते. वयाच्या साठीत मी पुन्हा बाराखडी गिरवली. मोडीला लोक उगाच भितात. रोज तासभर दिला तर काही महिन्यांत अक्षर उलगडू लागते. खरी अडचण भाषेची असते, आणि तिथे मुसलमान वाचकाला एक गंमत अनुभवायला मिळते.

पेशवाईतल्या मराठी कागदावर सन कसा लिहिलेला असतो? 'सलास तिसैन मया व अलफ'. सलास म्हणजे तीन, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११९३. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७९२ येते. वर्ष मृग नक्षत्राला सुरू होई, म्हणून आपण १७९२-९३ असे लिहायचे. मदरशात अरबी अंक पाठ केलेल्या मुलाला जे सहज कळते, ते ब्राह्मण कारकून पुण्यात बसून रोज लिहीत होते. शेतकऱ्याच्या मृगावर अरबांचे आकडे बसवलेले हे पंचांग कुणा एकाचे नव्हते. अर्ज, हुकूम, सनद, तकरीर, महजर, वारस, हक्क, इनाम हे शब्द या कागदांत पानोपानी भेटतात. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, असा वाद आपल्यात अजूनही कधीकधी निघतो. तो काढणाऱ्याने एकदा हा रुमाल सोडून पाहावा.

रुमाल म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तरात, असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले; पण ती निवड मुख्यतः राजकारणाची. तुमच्याआमच्या पूर्वजांना त्या खंडांत जागा असण्याचे कारण नव्हते. ते आहेत न छापलेल्या गावझाड्यांत, इनामांच्या चौकशीत, वतनाच्या भांडणांत. इंग्रजांनी १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांना आपला हक्क कागदाने सिद्ध करायला लावले. त्या वेळी पिराच्या दिवाबत्तीचे, काजीच्या नि खतीबाच्या चाकरीचे कागद घेऊन लोक कचेरीत गेले, त्यांनी आपल्या वंशावळी सांगितल्या आणि त्या लिहून घेतल्या गेल्या. ज्यांची जमीन त्या चौकशीत गेली त्यांना तो जुलूम वाटला, आणि तो होताच. पण त्याच जुलमाने आज आपल्या हाती वंशावळी ठेवल्या आहेत.

त्याहून जुना प्रकार महजराचा. वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसे, दोन्ही पक्षांच्या तकरीरी होत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. वर 'हाजीर मजालसी' म्हणून बसलेल्यांची यादी असे. पाटील, कुलकर्णी, मोकदम आणि बलुतेदार. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, इतरांच्या नावापुढे आपापल्या धंद्याची. या यादीत मुलाणा बसलेला दिसतो. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात बारा बलुत्यांत मुलाणा मोजला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकातही मुलाणा आहे. गावाच्या जत्रेतले बकरे तोच हलाल करी, पिराची चाकरी तोच करी, आणि त्याबद्दल खळ्यावर सुगीला त्याचा वाटा ठरलेला असे. हिंदू शेतकऱ्याच्या खळ्यावर, हिंदू पाटलाच्या शेजारी बसून, शेजारच्या गावच्या वतनाचा निवाडा करणारा हा मुसलमान कुठून आला होता? अरबस्तानातून? इराणातून? तो गावात होता. सुतार होता तसा, कुंभार होता तसा.

मला एका कागदात आमच्या गावची मुलाणकी सापडली. दोन भाऊ वाट्यावरून भांडले होते. धाकटा दुष्काळात गाव सोडून गेला, थोरल्याने चाकरी चालवली, धाकटा परत आल्यावर अर्धा वाटा मागू लागला. गोताने त्याला तिसरा हिस्सा दिला. दोन्ही भावांची नावे वाचताना हात थरथरत होता. फूफीच्या यादीतले सर्वांत जुने नाव आणि हे भाऊ यांच्यात सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. मधली एक, कदाचित दोन नावे मिळालेली नाहीत. म्हणून मी माझ्या वंशावळीत ती रेघ जोडलेली नाही. घरच्यांनी आग्रह केला, "अपने ही होंगे, लिख डालो." पण जे कागद जोडत नाही ते मी जोडले, तर पेटी विहिरीत टाकणाऱ्यात नि माझ्यात फरक काय राहिला?

इतर वाटा

हे झाले घाटावरच्या मुलाण्याचे. प्रत्येक घराण्याची वाट निराळी असेल. जिथे काजीचे घराणे टिकून आहे तिथे निकाहाची जुनी दप्तरे असू शकतात. १८२७च्या नियमाने मुंबई इलाख्यात काजींच्या नेमणुका सरकार करीत असे; १८६४ साली ही पद्धत बंद झाली आणि १८८०च्या काजी कायद्याने ती वेगळ्या रूपात पुन्हा आली. निकाहनाम्यात वधूचे नाव असते, तिच्या बापाचे असते, मेहर, वकील आणि दोन साक्षीदार असतात. जिथे बाई 'अमक्याची बायको' म्हणून नाही तर स्वतःच्या नावाने लिहिली गेली, असा हा क्वचित दिसणारा कागद.

मराठवाड्यात वाट उर्दूतून जाते. इनामाच्या चौकशीनंतर दिलेला मुंतखब, फसली सनाचे कागद, १९५४-५५चे खासरा पत्रक. दक्षिणेतल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम गरज भासली. ज्या लिपीला कालपर्यंत परकी म्हटले जात होते, तिच्यात मराठा शेतकऱ्याची जात लिहिलेली निघाली. दप्तर कुणा एका समाजाचे नसते, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

कोकणात जमातीच्या वह्या, खोतीचे कागद आणि समुद्र. रत्नागिरी-रायगडचे खलाशी नि व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थेट केपटाऊनपर्यंत पोचले. तिथल्या सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदी लोकांवर परवान्यांची सक्ती केली. अपमानाचीच गोष्ट ती; पण त्या कागदांवर माणसाचे छायाचित्र आहे. गावात ज्याचा चेहरा कुणाला आठवत नाही, तो तिथल्या अभिलेखागारात आपल्याकडे पाहत असू शकतो.

कशासाठी?

हा खटाटोप कशासाठी, असे मला मित्र विचारतात. आपल्यासमोर दोन तयार वंशावळी ठेवलेल्या असतात. एक आपणच लिहिलेली : आम्ही अरबांचे, इराण्यांचे, सय्यदांचे. काही घराण्यांच्या बाबतीत ती खरी आहे आणि त्यांच्याकडे तसे शजरेही आहेत. पण पिंजारी, तांबोळी, अत्तार, शिकलगार, बागवान, मुलाणी यांनीही प्रतिष्ठेसाठी त्या वंशावळीच्या शेपटाला आपले नाव बांधले, धंद्याचे आडनाव टाकून शेख लावले. आणि मग आरक्षणाच्या खिडकीपाशी तोच खोटेपणा आडवा आला. दुसरी वंशावळ इतरांनी लिहिलेली : तुम्ही बाहेरचे. गंमत अशी की दोन्ही वंशावळी एकच गोष्ट सांगतात. मी ज्या कागदांत चार वर्षे घालवली, ते दोघांनाही खोटे ठरवतात. त्यांत लढाया नाहीत, घोडेस्वार नाहीत. खळ्यावरचे धान्य आहे, भावाभावांचे भांडण आहे, पिराच्या दिव्याचे तेल आहे.

पुतण्याच्या दाखल्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पेशवे दप्तरातला कागद त्याला उपयोगी पडला नाही; नाते सलग सिद्ध होत नव्हते. उपयोगी पडली कोतवाल बुकातली एक मोडी ओळ. १९२०च्या दशकातली. बापाचे नाव माझ्या पणजोबांचे, जात 'मुलाणी', अपत्य 'मुलगी'. नाव लिहिलेले नाही. पुढच्याच वर्षीच्या मृत्यूच्या पानावर तीच मुलगी, ताप. आजोबांची ही बहीण वर्षभरही जगली नाही. समितीपुढे तिचा उतारा ठेवला आणि दाखला वैध ठरला.

मी फूफीला ही नोंद दाखवायला गेलो. तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "नन्ही. उसको नन्ही बोलते थे. तेरी वही में लिख्या नहीं क्या?" मी वही काढली. फातेहाच्या यादीत, पहिल्याच दिवशी उतरवलेल्या पानावर, ते नाव होते. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते. ते खोडले.